कयाधूचे पाणी आणि नगरपालिकेचे कर्ज

पाणी हा विषय आपल्या समाजाला कोणी नव्याने शिकवावा असा नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, त्याच्या तीन वर्षे आधीच महाड नगरपालिकेने ते तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर राहिला आणि पाणी मात्र मिळाले नाही. नगरपालिकेचा ठराव आणि प्रत्यक्ष पाणी यांच्यातील हे अंतर आजही मिटलेले नाही, त्याचे रूप तेवढे बदलले आहे. नळाला पाणी आले की प्रश्न सुटला असे आपण समजतो. परंतु वापरून झालेले पाणी कुठे जाते, ते स्वच्छ करण्याची जबाबदारी कोणाची आणि त्यासाठी पैसा कोणी, कुठून आणायचा, याचा विचार आपल्या बैठकांतून फारसा होत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही पैशाचीच बाजू समजावून सांगण्याचा प्रयत्न करणार आहोत. विषय रुक्ष आहे, पण विद्यार्थ्यांनी तरी तो नेटाने वाचावा अशी विनंती आहे.

प्रथम आपल्या गावचे उदाहरण घेऊ. हिंगोली शहराला पाणी मिळते ते औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर धरणातून, म्हणजे पूर्णा नदीचे. वापरून झाल्यावर ते नाल्यानाल्यांतून उतरते कयाधूत आणि कयाधू पुढे पैनगंगेला मिळते. एका नदीचे स्वच्छ पाणी आणून दुसऱ्या नदीत घाण करून सोडायचे, असा हा व्यवहार आहे. त्याचे प्रमाणही पाहा. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ८५ हजार होती. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी द्यावे आणि त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन परत येते असे धरावे, हा अभियंत्यांचा नेहमीचा हिशेब. त्या हिशेबाने पूर्ण पुरवठा झाल्यास रोज ९० लाख लिटरांहून अधिक सांडपाणी तयार होते. पाणीपुरवठा वाढवला की सांडपाणी वाढणारच. तरीही नळयोजनेच्या उद्घाटनाला जेवढी गर्दी होते, तेवढी मलनिःसारणाच्या प्रस्तावाभोवती होत नाही.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे गटारे बांधणे व राखणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य आहे. १९७४ च्या केंद्रीय जलप्रदूषण कायद्याने तर घाण पाणी नदीनाल्यात सोडण्यालाच बंदी घातली. महाराष्ट्राने असा कायदा त्याआधीच, १९६९ मध्ये केला होता. मग अडते कुठे? नगरपालिकेचे ठरलेले उत्तर असते, "निधी नाही." या उत्तराचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच लावला. मध्य प्रदेशातील रतलाम शहराच्या एका वॉर्डातील रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध दाद मागितली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केले की, पैसा नाही हे कारण सांगून नगरपालिकेला मूलभूत कर्तव्य टाळता येणार नाही. तिने कमी महत्त्वाचे खर्च बाजूला ठेवावेत आणि राज्य शासनाकडून कर्ज अथवा अनुदान मिळवावे. २२ फेब्रुवारी २०१७ च्या निकालात त्याच न्यायालयाने सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे उभारण्यास तीन वर्षांची मुदत दिली. वापरणाऱ्यांकडून आकार घेऊन निधी उभा करा, तो पुरला नाही तर राज्याने पैसा द्यावा, असेही बजावले. म्हणजे न्यायालयाचे म्हणणे शेवटी कर्ज, अनुदान आणि आकार या तीन शब्दांवर येऊन थांबते.

हे तीन शब्द नीट समजून घेतले पाहिजेत. अनुदान परत करावे लागत नाही. कर्ज परत करावे लागते. आकार म्हणजे आपण, नागरिक, महिन्याला किंवा वर्षाला भरतो ते. डॉ. बाबासाहेबांचा १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेला ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ याच प्रश्नाच्या मोठ्या रूपावर आहे. वरच्या सरकारने प्रांताला ठराविक रक्कम नेमून द्यावी, काही उत्पन्नाच्या बाबी तोडून द्याव्यात की उत्पन्नात वाटा द्यावा, या तीन टप्प्यांचा इतिहास त्यांनी तपशिलाने मांडला. नगरपालिकेच्या पातळीवर हा प्रश्न अजून तसाच आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो ग्रंथ अवश्य हाताळावा.

नगरपालिकांना कर्ज काढण्याचा अधिकार १९१४ च्या स्थानिक प्राधिकरण कर्ज कायद्यापासून आहे, मात्र शासनाच्या मंजुरीने. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ निर्माण झाले, तेच १९९७ पासून जीवन प्राधिकरण म्हणून ओळखले जाते. त्या काळी योजनेचा पैसा थोडा शासनाच्या अनुदानातून, थोडा आयुर्विमा महामंडळाच्या कर्जातून आणि थोडा लोकवर्गणीतून उभा राहत असे. हुडकोचीही कर्जे होती. कर्ज मिळे, पण हप्ता भरणार कशातून? लहान नगरपालिकेचे हक्काचे मोठे उत्पन्न म्हणजे जकात. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि तिच्या बदल्यात शासनाचे अनुदान आले. योगायोग असा की, त्याच वर्षी १ मे रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याचे ठिकाण झाल्याने शहर वाढू लागले, पण नगरपालिकेचा स्वतःचा हात मात्र आखडला.

पुढे कर्जाची जागा बहुतांशी अनुदानांनी घेतली. २००५ मध्ये लहान व मध्यम शहरांसाठी आलेल्या केंद्राच्या योजनेत शंभर रुपयांतले ऐंशी केंद्राचे, दहा राज्याचे आणि दहा नगरपालिकेचे असत. राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, २०१० मध्ये, नगरोत्थान महाअभियान सुरू झाले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी अमृत योजनेचा दुसरा टप्पा आणि स्वच्छ भारत नागरी अभियानाचा दुसरा टप्पा एकाच दिवशी जाहीर झाले. येथे बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट आहे. अमृतच्या दुसऱ्या टप्प्यात नळाच्या पाण्यासाठी सर्व शहरे पात्र ठरली, परंतु मलनिःसारणासाठी केवळ पहिल्या टप्प्यातील ५०० शहरे, म्हणजे मुख्यतः लाखावरच्या लोकसंख्येची. हिंगोली, वसमत, कळमनुरी यांचे सांडपाणी गेले स्वच्छ भारतच्या खात्यात. पाणी आणणारी योजना एक आणि तेच पाणी वापरून झाल्यावर शुद्ध करणारी योजना दुसरी. दोन्हींची गती एक राहील याची हमी कोण देणार?

आता परदेशातील एक पद्धत सांगतो, कारण ती आपल्या भिशीसारखी आहे. अमेरिकेने १९७२ च्या कायद्याने शहरांना शुद्धीकरण केंद्रांसाठी खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान दिले. १९८७ मध्ये ते धोरण बदलून प्रत्येक राज्यात एक फिरता निधी उभारण्यात आला. केंद्राने पाच रुपये घातले तर राज्याने एक रुपया घालायचा. त्या निधीतून नगरपालिकांना बाजारापेक्षा कमी, प्रसंगी शून्य व्याजाने कर्ज द्यायचे, तेही वीस वर्षांच्या मुदतीने. २०१४ मध्ये मुदत तीस वर्षांपर्यंत वाढली. परत आलेला हप्ता सरकारी तिजोरीत जात नाही, तो पुढच्या गावाला मिळतो. आपल्या महिला बचत गटांतील भगिनींना हे तत्त्व निराळे समजावण्याची गरज नाही. अनुदान एकदाच कामी येते, फिरता पैसा पुन्हा पुन्हा.

भारतात याच्या जवळपास जाणारी व्यवस्था २०२३-२४ च्या अर्थसंकल्पातून आली. तिचे नाव नागरी पायाभूत सुविधा विकास निधी. राष्ट्रीय गृहनिर्माण बँक तो चालवते. अग्रक्रम क्षेत्राला ठरलेले कर्ज ज्या बँका देत नाहीत, त्यांची उरलेली रक्कम या निधीत येते आणि रिझर्व्ह बँकेच्या बँक दरापेक्षा दीड टक्का कमी व्याजाने राज्यांना मिळते. मलनिःसारण हे त्यातील मुख्य कामांपैकी एक. पन्नास हजार ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरांना तो खुला आहे. म्हणजे हिंगोली आणि वसमत त्यात बसतात, कळमनुरी, सेनगाव, औंढा बसत नाहीत. सर्वांत लहान गाव सर्वांत गरीब, आणि नेमके तेच दाराबाहेर!

शिवाय यात मुदत फक्त सात वर्षांची असून पहिली दोन वर्षे मुद्दल द्यावे लागत नाही. मुदतीचे महत्त्व आकड्यांनी पाहू. हे केवळ उदाहरण आहे, कोणत्याही प्रत्यक्ष योजनेचा हिशेब नव्हे. समजा दहा कोटींचे कर्ज घेतले आणि शहरात सतरा हजार घरे आहेत. वीस वर्षे मुदत व आठ टक्के व्याज असेल तर वर्षाचा हप्ता सुमारे एक कोटी दोन लाख, म्हणजे घरामागे महिन्याला पन्नास रुपये. व्याज दोन टक्के केले तर तीस रुपये. आणि सात वर्षांच्या मुदतीत पाच हप्त्यांनी मुद्दल फेडायचे झाले तर नुसत्या मुद्दलाचेच घरामागे महिन्याला सुमारे अठ्ठ्याण्णव रुपये होतात, व्याज वेगळे. व्याजदरापेक्षा मुदत अधिक भारी पडते ती अशी. कर्जदार राज्य शासन असल्याने हा बोजा नगरपालिकेवर किती टाकायचा हे राज्य ठरवते. म्हणून लहान शहरांसाठी राज्याने दीर्घ मुदतीचा स्वतःचा फिरता निधी उभारावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एकट्या लहान नगरपालिकेला बाजारात कोणी उभे करत नाही, हे खरे. नाशिक महानगरपालिकेने १९९९ मध्ये शंभर कोटींचे रोखे काढले, ते हिंगोलीला जमणार नाही. पण तामिळनाडूने २००२ मध्ये तेरा लहान संस्थांची मोट बांधून सुमारे तीस कोटींचे सामायिक रोखे काढले. एकट्याची पत नसेल तर सर्वांची मिळून पत उभी करता येते.

परंतु केंद्र बांधून झाले म्हणजे काम झाले असेही नव्हे. यंत्रांचे वीजबिल, कामगारांचे पगार आणि दुरुस्ती यांना बांधकामाचे अनुदान पुरत नाही. तो खर्च आकारातूनच काढावा लागतो. आकार वाढवायला कोणी लोकप्रतिनिधी खुशीने तयार होत नाही आणि अशा रीतीने उभारलेले केंद्र बंद पडते. त्याची किंमत कोण मोजतो? नाल्याकाठी आणि नदीकाठी ज्यांची घरे आहेत ते मोजतात. कयाधूच्या काठच्या विहिरींवर आणि गुरांच्या पाणवठ्यांवर अवलंबून असलेली खालची गावे मोजतात. आणि सर्वांत जास्त मोजतो तो चेंबरमध्ये उतरवला जाणारा माणूस. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात वा मैल्याच्या टाकीत उतरवणे गुन्हा ठरवले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. हे माणसे कोणत्या समाजाची असतात, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. नगरपालिकेने यंत्राचे पैसे वाचवले असे जेव्हा आपण ऐकतो, तेव्हा ते कोणाच्या जिवावर वाचवले हे विचारले पाहिजे.

खर्च कमी असलेला एक मार्ग आपल्याच राज्यात आहे. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपरिषदांनी घरोघरच्या सेप्टिक टाक्या दर तीन वर्षांनी ठरलेल्या वेळापत्रकाने गाडीने उपसण्याची आणि तो गाळ शुद्ध करण्याची पद्धत सुरू केली. टाकी भरून वाहू लागल्यावर प्रत्येक घराने वेगळे पैसे मोजायचे नाहीत, खर्च स्वच्छतेच्या करातून भागतो. सिन्नरची लोकसंख्या वसमतच्या जवळपास, म्हणून हे उदाहरण आम्हाला महत्त्वाचे वाटते. भुयारी गटाराची वाट पाहत बसण्याऐवजी हे आधी करता येईल. कळमनुरीएवढ्या गावाला तर हेच परवडण्यासारखे आहे.

ज्या तरुणांना उपसा करणारी गाडी स्वतः घेऊन व्यवसाय करायचा असेल, त्यांनी राष्ट्रीय सफाई कर्मचारी वित्त व विकास महामंडळाच्या स्वच्छता उद्यमी योजनेची माहिती घ्यावी. हे महामंडळ १९९७ मध्ये स्थापन झाले. सफाई कामगार व त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना कमी व्याजाने कर्ज देणे हा त्याचा उद्देश.

विद्यार्थ्यांना आणखी एक काम सुचवतो. आपल्या नगरपरिषदेचा अर्थसंकल्प मागवावा. त्यात मलनिःसारणावर किती तरतूद आहे, मागील वर्षी त्यातले खर्च किती झाले, जुन्या कर्जाचे किती हप्ते थकले आहेत, आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानापैकी पाणी व स्वच्छतेसाठी राखून ठेवलेला साठ टक्के भाग कोणत्या वॉर्डात खर्च झाला, एवढे चार आकडे काढावेत. वॉर्डनिहाय यादी हाती आली की आपल्या वस्तीचे नाव त्यात आहे की नाही ते कळते. कार्यालयात तोंडी विचारून माहिती मिळाली नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज द्यावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही शुल्क नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडावी लागते. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.