विद्युत् गिटार : काष्ठ व नाद

विद्युत् गिटार या तंतुवाद्याचे अंग व मान सामान्यतः लाकडाची करतात. लाकडाच्या जातीमुळे वाद्याच्या नादात कितपत फरक पडतो, हा वादक, कारागीर व ध्वनिशास्त्रज्ञ यांच्यातील दीर्घकालीन वादाचा विषय आहे. या मतावर वाद्याची किंमत व काही दुर्मिळ वृक्षांची तोड अवलंबून असल्याने प्रश्नाचे महत्त्व संगीतापुरते मर्यादित नाही.

तंबोऱ्याशी तुलना : मिरज येथील शिकलगार घराण्यातील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्यनिर्मितीस प्रारंभ केला. तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक चिन्हांकन मिळाले. तंबोऱ्याची दांडी व तबली तून वृक्षाच्या लाकडाची असून भोपळा पंढरपूर–मंगळवेढा परिसरातून येतो. बारीक तार स्वतः फारच थोडी हवा हलवू शकते. तिची कंपने घोडीवाटे तबलीला व तेथून भोपळ्यातील हवेला मिळतात आणि मगच नाद ऐकू येतो. तबलीचे लाकूड व तिची जाडी हा अशा रीतीने नादाचाच घटक ठरतो.

विद्युत् गिटारमध्ये ही वाट वेगळी आहे. तारांखाली ध्वनिग्राहक किंवा पिकअप बसविलेला असतो. त्यात चुंबक व त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय स्रोत बदलतो व वेटोळ्यात विद्युत् दाब प्रवर्तित होतो. हे तत्त्व मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये शोधले. विवर्धक व ध्वनिक्षेपक या दाबाचे ध्वनीत रूपांतर करतात. ध्वनिग्राहक मुख्यतः तारेचे कंपन टिपतो; अंगातून हवेत जाणारा ध्वनी तो टिपत नाही. तंबोऱ्याच्या तबलीने तारेची ऊर्जा घ्यावी, तर भरीव गिटारच्या अंगाने ती तारेतच राहू द्यावी, अशी अपेक्षा असते.

लाकडाचा परिणाम : वरील विवेचनावरून लाकूड अगदी निष्प्रभ असते असा अर्थ मात्र निघत नाही. तार दोन्ही टोकांना वाद्याशी जोडलेली असते. ही टोके जितकी हलतील तितकी तारेची ऊर्जा लाकडात जाऊन नष्ट होते. हे हलणे लाकडाची घनता, स्थितिस्थापकता व अंतर्गत संदमन यांवर अवलंबून असते. वाळलेल्या ॲल्डर लाकडाची घनता दर घनमीटरला सु. ४५० किग्रॅ., मेपलची सु. ७०० किग्रॅ. व शिसवीची ८०० किग्रॅ. किंवा अधिक असते. मात्र एकाच जातीच्या दोन फळ्यांतही बराच फरक आढळतो.

हेल्मूट फ्लाइशर व टिलमान त्स्विकर या जर्मन संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांतून असे दिसून आले की, घोडीपेक्षा मान अधिक सहज हलते. मानेच्या नैसर्गिक कंप्रतेशी एखाद्या पडद्यावरील स्वराची कंप्रता जुळली, तर तो स्वर शेजारच्या स्वरांपेक्षा लवकर विरतो. अशा स्थानास ‘मृत स्थान’ म्हणतात. मानेचे लाकूड, जाडी व जोडणी यांनुसार ही स्थाने बदलतात. म्हणजे लाकडाचा परिणाम प्रामुख्याने स्वर किती काळ टिकतो यावर होतो.

इतर घटक : नादाच्या गुणावर तारेची जाडी, ध्वनिग्राहकाची जागा, वेटोळ्याचे प्रवर्तकत्व, जोडतारेची धारकता, विवर्धक व ध्वनिक्षेपक यांचा परिणाम पुष्कळ मोठा असतो. उदा., ६४·८ सेंमी. लांबीच्या मोकळ्या तारेखाली घोडीपासून १६·२ सेंमी. अंतरावर ध्वनिग्राहक असेल, तर तेथे चौथ्या उपस्वराचा निस्पंद बिंदू येतो व तो उपस्वर जवळजवळ ऐकू येत नाही. कोणतेही लाकूड वापरले तरी यात फरक पडत नाही.

इतिहासही हेच सुचवितो. १९३२ मध्ये विक्रीस आलेल्या रिकनबॅकर विद्युत् गिटारचे अंग ओतीव ॲल्युमिनियमचे होते. ती हवाई पद्धतीची गिटार होती. तीत तारांवरून धातूची कांडी फिरवितात, त्यामुळे तारा खालच्या पट्टीला टेकत नाहीत. मुंबईत व्हॅन शिप्ली व हजारा सिंग यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या धुना याच पद्धतीच्या विद्युत् गिटारवर वाजवून तिला लोकप्रियता मिळवून दिली. फेंडरच्या १९५४ मधील स्ट्रॅटोकास्टरला प्रारंभी ॲशचे व १९५६ पासून बहुधा ॲल्डरचे अंग असे. १९५२ च्या गिब्सन लेस पॉलमध्ये महॉगनीवर मेपलचा थर होता. या निवडीत लाकडाची उपलब्धता, वजन व रंगकामाची सोय यांचाही विचार होता.

शिसवीचा प्रश्न : पडद्यांखालच्या पट्टीसाठी पूर्वी ब्राझीलमधील शिसवी वापरीत. ती दुर्मिळ झाल्यावर भारतीय शिसवीला (डाल्बर्जिया लॅटिफोलिया) मागणी वाढली. हा वृक्ष सह्याद्रीच्या वनांतही आढळतो व सावकाश वाढतो. संकटग्रस्त जातींच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने ब्राझीलची शिसवी १९९२ मध्ये पहिल्या परिशिष्टात घातली, तर २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया प्रजातीतील इतर जाती दुसऱ्या परिशिष्टात आल्या. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट देण्यात आली. कच्च्या लाकडावरील नियंत्रण मात्र कायम राहिले.

शिसवी कठीण, तेलकट व झिजेला टिकणारी असल्याने वादकाच्या बोटांखाली ती उपयुक्त ठरते, हा तिचा खरा गुण होय. केवळ नादासाठी ती अपरिहार्य आहे, असे भौतिकीच्या आधारे म्हणता येत नाही. तंबोऱ्यासाठी तून निवडणाऱ्या कारागिराचा आग्रह नादाच्या कारणाने समर्थनीय ठरतो. विद्युत् गिटारच्या बाबतीत मात्र लागवडीतील साधे, नीट वाळलेले व ताठ लाकूडही चांगले काम देऊ शकते.