कपाशी उपटायला सांगणारा माणूस

डिसेंबर संपत आला की विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूसवाल्यापुढे एक मोह उभा राहतो. वेचण्या उरकलेल्या असतात, पण पऱ्हाटी अजून हिरवी असते आणि विहिरीत थोडं पाणीही असतं. दोन पाणी दिली की झाडाला पुन्हा पात्या लागतात, बोंडं धरतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत आणखी एखाद-दोन वेचण्या पदरात पडतात. याला फरदड म्हणतात. नवं बियाणं नको, पेरणी नको, घरात आयते चार पैसे येतात. नेमक्या त्याच वेळी बांधावर कुणीतरी येतो आणि म्हणतो, ‘भाऊ, पऱ्हाटी उपटून टाका.’

हा माणूस कृषी विद्यापीठाचा असतो, नाहीतर कृषी विज्ञान केंद्राचा. त्याच्या हातात ना अनुदान असतं, ना कर्जमाफीचा कागद. असतं ते फक्त सांगणं, आणि तेही तोट्याचं. विद्यापीठाच्या भाषेत या कामाला ‘विस्तार शिक्षण’ असं रुक्ष नाव आहे.

तो असं का सांगतो, याचं उत्तर गुलाबी बोंडअळीच्या स्वभावात आहे. ही अळी जवळपास फक्त कपाशीवर जगते. बोंडात शिरली की मागचं भोक बुजून जातं. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं, आत ती सरकी खात बसते. फुटलेलं बोंड हातात येतं तेव्हा कापसाची कवडी झालेली असते. फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. तिचा खरा वैरी एकच, उपासमार. शिवारात पाच-सहा महिने कपाशीच नसेल तर तिची साखळी तुटते. फरदड म्हणजे तिला उन्हाळ्यापर्यंत घातलेलं अन्नछत्र.

गंमत म्हणजे हे सांगणं सव्वाशे वर्षं जुनं आहे, आणि विस्तारकार्याचा जन्मच त्याच्या आसपास झाला. १८९० च्या दशकात मेक्सिकोतून बोंड पोखरणारा एक सोंडकिडा अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये घुसला आणि तिथल्या कापूसपट्ट्याची दाणादाण उडाली. सरकारी पत्रकं निघत होती, वाचत कुणी नव्हतं. १९०३ साली सत्तरीला आलेल्या सीमन नॅप नावाच्या गृहस्थाने टेरेल गावात वेगळा डाव मांडला. सरकारी फार्मवर प्रयोग करून शेतकऱ्यांना बोलवायचं नाही. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या रानात, त्याच्याच हातून नवी पद्धत करवून घ्यायची. तोटा झाला तर भरून देण्यासाठी गावातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून ठेवली. त्या पैशाला हात लावायची वेळ आली नाही. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने हीच रीत सोंडकिड्याविरुद्ध वापरायला घेतली. सल्ला काय होता? लवकर येणारं वाण लावा, पेरणी लांबवू नका, आणि वेचणी झाली की झाडं उपटून नष्ट करा.

व्यापाऱ्यांची ती वर्गणी लक्षात ठेवा. तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

१९०६ मध्ये अमेरिकेतल्याच अलाबामात, टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेतून एक खेचरगाडी निघाली. अवजारं, बियाणं, प्रात्यक्षिकाचं सामान भरून ती गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या वस्त्यांवर जायची. तिची आखणी तिथल्या कृषिशास्त्रज्ञाची, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरची. वीणा गवाणकरांनी त्याच्यावर लिहिलेल्या पुस्तकामुळे हा माणूस मराठी घरांत नात्यातला असल्यासारखा झाला आहे. पण त्याच्या शेंगदाण्याच्या प्रयोगांइतकी त्याची गाडी आपल्या लक्षात राहिलेली नाही. शाळा चार भिंतींपाशी संपत नाही, हे त्या गाडीने दाखवलं. १९१४ मध्ये अमेरिकेत यासाठी कायदाच झाला आणि संशोधन गावोगाव नेणं हे कृषी महाविद्यालयांचं रीतसर काम ठरलं.

आपल्याकडची कृषी विद्यापीठं याच घडणीची. पण ती नुसती वरून आली असं म्हणणं अन्यायाचं होईल. कृषी विद्यापीठ अकोल्यात व्हावं म्हणून १९६७ साली विदर्भात लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात बळी गेले. विद्यापीठासाठी प्राण जावेत, ही गोष्ट आज ऐकताना अजब वाटते. १९६८ मध्ये राहुरी, १९६९ मध्ये अकोला, आणि १८ मे १९७२ रोजी परभणी व दापोली अशी चार विद्यापीठं उभी राहिली. परभणीचा मुहूर्त तर पाहा: बहात्तरच्या दुष्काळाचं साल. लोक खडी फोडायला जात होते आणि त्यांच्यासाठी विद्यापीठ उघडत होतं.

परभणीत १८ मे या स्थापनादिनी खरिपाचा शेतकरी मेळावा भरतो आणि १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, रब्बीचा. भाषणं ऐकायला लोक येतात असा कुणाचा समज असेल तर त्याने विद्यापीठाच्या बियाण्यासाठी लागलेली रांग बघावी. माणूस तुरीची किंवा हरभऱ्याची एक पिशवी घ्यायला येतो आणि जाताना चर्चासत्रात उठून आपलं दुखणं विचारतो. बदनापूरच्या संशोधन केंद्राचं ‘बीडीएन ७११’ हे तुरीचं वाण दीडशे-एकशे पंचावन्न दिवसांत येतं. पाऊस लवकर उघडला तरी हाती काही लागतं. दुष्काळी भागात याला मदतच म्हणायचं, फक्त ती दुष्काळ पडायच्या आधी दिलेली असते.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळत होत्या. दुष्काळातल्या बागेसाठी शास्त्रज्ञांचा सल्ला ठरलेला असतो: आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन करा, खोडाला बोर्डो पेस्ट लावा, पानांतून पाणी कमी उडावं म्हणून केओलीन फवारा, झाडाशी मडकी पुरून थेंबाथेंबाने पाणी द्या. आणि सगळ्यात जड वाक्य शेवटी: फळं काढून टाका, यंदा बहार धरू नका. झाड वाचवायचं तर फळ सोडायचं. पुन्हा तेच, तोट्याचं सांगणं. बारा वर्षं लेकरासारखी वाढवलेली बाग समोर असताना हे वाक्य परक्याच्या तोंडून ऐकवत नाही.

सगळ्याच गोष्टी इतक्या कठोर नसतात. सोयाबीनची उगवण चाचणी घ्या. गोणपाटाचा ओला तुकडा, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, सहा-सात दिवसांनी उलगडून मोजायचं. सत्तर उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरा. कमी उगवले तर बियाणं वाढवा, फारच कमी असतील तर पेरूच नका. गावात मुक्कामाला आलेले कृषीदूत आणि कृषीकन्या, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं-मुली, हेच करून दाखवतात आणि वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर त्यांचा फोटो येतो. त्या फोटोंना हसणाऱ्यांत मीही होतो. २०२० च्या जूनमध्ये सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा पाऊस पडला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. आदल्या ऑक्टोबरात काढणीच्या वेळी भिजलेलं बी, त्याचा हा परिणाम. तेव्हा गोणपाटाच्या तुकड्याची किंमत कळली.

आता बोंडअळीकडे. २०१७ च्या हंगामात तिने विदर्भ-मराठवाड्यात कहर केला. बोंडअळीला मारक असलेल्या बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधं बियाणं बांधाकडेने लावायला मिळायचं. अळी बीटीला लवकर सरावू नये म्हणून. ते फारसं कुणी लावलं नाही. फरदड सुरूच होती. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले. यानंतर विद्यापीठं, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, कृषी विभाग असे सगळे एकाच पाढ्यावर आले: जूनआधी धूळपेरणी नको, नर पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे एकरी दोन लावा, सापळ्यात रोज आठ पतंग असे सलग तीन दिवस आले की मगच फवारा, वीस हिरवी बोंडं फोडून बघा, डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्याने न उमललेली फुलं, तोडून नष्ट करा, आणि डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढा. जिनिंगच्या आवारातही सापळे लागले. पुढच्या वर्षी तशी वाताहत झाली नाही. श्रेय वाटताना मात्र जपून. त्या वर्षी पाऊसच लवकर आटोपला, फरदडीला पाणी होतं कुठे?

सापळ्यातले पतंग मोजणं हे या कामाचं खरं रूप आहे. कंटाळवाणं, रोजचं, ओळखीच्या माणसाने करायचं. आणि तो माणूसच कमी होतो आहे. विद्यापीठांत मंजूर पदांपैकी कितीतरी वर्षानुवर्षं रिकामी आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा हवामानावर आधारित कृषी सल्ला तालुक्यापर्यंत नेण्यासाठी देशभरातल्या १९९ कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी हवामान केंद्रं उघडली होती; २०२४ मध्ये ती बंद झाली. मोबाइलवर संदेश येतच आहेत, अॅपही पुष्कळ आहेत. अॅप पाऊस सांगेल. ‘फळं काढून टाका’ हे अॅपने सांगितलं तर कोण काढेल?

पण माणूस बांधावर पोचला तरी एक पेच उरतो, आणि तिथे टेरेलची वर्गणी आठवते. फरदड सोडल्याने बुडणारे पैसे एकट्याचे असतात. अळी थांबली तर फायदा सगळ्या शिवाराचा. शेजाऱ्याने ठेवली तर माझी उपटून उपयोग काय, हा शेतकऱ्याचा प्रश्न अडाणी नाही, तो चोख हिशेब आहे. आपल्या प्रात्यक्षिकांत बियाणं मिळतं, सापळे मिळतात, कधी औषध मिळतं. सोडून दिलेल्या दोन वेचण्यांची हमी मात्र त्यात नसते. गाव एकत्र येऊन एकाच आठवड्यात पऱ्हाटी काढणार असेल तर त्या नुकसानीचा वाटा उचलायला जिनिंगवाले, बियाणे कंपन्या किंवा सरकार, यांपैकी कुणी पुढे का येऊ नये? १९०३ मध्ये एका लहानशा गावातल्या दुकानदारांना जे सुचलं ते काही फार अवघड नव्हतं. तोवर डिसेंबरात तो माणूस बांधावर येईल, ‘भाऊ, उपटून टाका’ म्हणेल, आणि भाऊ आधी शेजारच्या हिरव्या रानाकडे बघेल.