दादीच्या उशीखालचे पुस्तक

दुपारची जेवणे आटोपली, भांडीकुंडी आवरली की आमची दादी चष्मा लावून इब्ने सफी यांची पाने सुटलेली उर्दू कादंबरी उघडायची. "दादी, या वयात खुनाच्या गोष्टी?" असे कोणी म्हटले की सारे हसत आणि पुस्तक उशीखाली जाई. त्या हसण्यात आम्हीही होतो.

दादीसारखे वाचक जगभर आहेत. इंग्रजीत 'कोझी मिस्टरी' नावाचा रहस्यकथांचा एक प्रकार आहे. त्यात खून होतो, पण पडद्याआड. रक्तपात, शिवीगाळ, अश्लीलता जवळजवळ नसते. लहानसे गाव, ओळखीची माणसे आणि छडा लावणारी बहुधा एखादी साधी बाई. या कादंबऱ्यांचा वाचकवर्ग मुख्यतः मध्यमवयीन व वृद्ध स्त्रियांचा मानला जातो. म्हणूनच कदाचित त्यांना हलके लेखले जाते.

अगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल १९३० साली प्रथम कादंबरीत आली. विणकाम आणि बागकाम करणारी ही अविवाहित वृद्धा रंगवताना लेखिकेच्या डोळ्यांपुढे आपल्या आजीच्या मैत्रिणी होत्या. मिस मार्पलजवळ प्रयोगशाळा नाही. गावातल्या माणसांचे स्वभाव तिला पाठ आहेत, आणि त्यावरून ती गुन्हेगार ओळखते. रिचर्ड ऑस्मन यांच्या २०२० मधील 'द थर्सडे मर्डर क्लब'मध्येही तपास करतात ते निवृत्तांच्या वसाहतीतले चार वृद्ध. त्यांतले एक इब्राहिम नावाचे मनोविकारतज्ज्ञ.

इब्ने सफी यांच्या कथा याहून वेगळ्या. त्यांत साहस जास्त. पण १९५२ मध्ये अलाहाबादहून 'जासूसी दुनिया' सुरू करताना अश्लीलतेवाचूनही पुस्तके खपतात हे त्यांना दाखवून द्यायचे होते. म्हणूनच ती घरात उघडपणे वाचता येत.

कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही, कोणती सून रडून आली आहे, हे दादीला न सांगता कळे. त्याला आपण बुद्धी म्हणत नाही, 'बायकांच्या चौकशा' म्हणतो. या कथांत मात्र तीच नजर सत्य शोधते आणि शेवटी न्याय होतो. आयुष्यभर जिचे म्हणणे कोणी विचारले नाही, तिला असे पुस्तक का आवडू नये?

आमची दादी आता नाही. वाचकहो, तुमच्या घरी असेल तर तिचे पुस्तक उशीखाली जाऊ देऊ नका. जवळ बसून एवढेच विचारा, "दादी, खुनी कोण ते तुला कितव्या पानावर कळले?"