पगारपत्रकावरची खाट

पोलंडहून नेदरलँड्सला कामासाठी आलेला माणूस आजारी पडतो तेव्हा नेमकं काय होतं, हे समजून घ्यायचं तर दवाखान्यापासून सुरुवात करून भागत नाही. त्याचं पगारपत्रक आधी वाचावं लागतं.

पत्रक बहुधा आठवड्याचं असतं. वर कामाचे तास, खाली कपाती: खाटेचं भाडं, आरोग्यविमा, कधी कामावर नेणाऱ्या व्हॅनचे पैसेही. हे सगळं एकाच एजन्सीमार्फत. १ मे २००४ रोजी पोलंड युरोपीय संघात आला, २००७ मध्ये नेदरलँड्सने पोलिश कामगारांसाठी परवान्याची अट काढली, आणि ही पद्धत रुळली. एजन्सी गावाकडेच भरती करते, राहायची सोय लावते, विमाही उतरवते. डच न येणाऱ्या माणसाला सुरुवातीला याचा मोठाच आधार वाटतो.

टिलबर्ग, वाल्वेककडच्या गोदामांत काम कसं चालतं ते पाहा. कानाला हेडफोन. त्यातून पोलिश भाषेत आवाज येतो: अमुक रांग, अमुक कप्पा. कामगार कप्प्यावरचा आकडा मोठ्याने म्हणतो, खोकी उचलतो, गाडीवर रचतो, की पुढचा कप्पा. तासाला किती नग झाले, हे यंत्र मोजत असतं. एखादं खोकं जड नसतं. पण पाळी संपेपर्यंत तेच वाकणं, तीच पकड शेकडो वेळा झालेली असते. आधी मनगट बोलू लागतं, मग कंबर. वेस्टलांडच्या काचघरांत टोमॅटो खुडणाऱ्यांचं दुखणं खांद्यात असतं, आणि वर उकाडा.

दुखतंय हे तो सांगत का नाही? भित्रेपणा म्हणून नव्हे. एजन्सीच्या सुरुवातीच्या करारात अशी तरतूद असायची, की कामगाराने आजारपण कळवलं की करारच संपला. करार संपला की एजन्सीने काढलेला विमा थांबायचा, आणि काही दिवसांत खोलीही सोडावी लागायची. एक कंबर धरली की नोकरी, औषध आणि अंथरूण तिन्ही एकदम जायचं. मग तो गावाहून आणलेल्या केटोनल या वेदनाशामकाच्या गोळ्या घेतो. वेदना दबते, कामाचा वेग टिकतो, इजा मात्र वाढत जाते. आणि अशा गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडालाही बाधतात.

डॉक्टरकडे गेलाच, तर तिथे वेगळीच गाठ बसते. नेदरलँड्समध्ये तज्ज्ञाकडे जायचं तर आधी फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागते. तो तपासतो, बहुतेकदा पॅरासिटामॉल आणि थोडी वाट पाहायला सांगतो. डच रोग्याला यात काही वावगं वाटत नाही. पोलंडमध्ये मात्र स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे सरकारी व्यवस्थेतही थेट जाता येतं आणि पैसे भरले तर हाडांच्या डॉक्टरकडेही. त्यामुळे पोलिश माणसाला वाटतं, आपण परके म्हणून टाळलं. चिठ्ठी मिळाली तरी प्रौढ माणसाला वर्षाच्या खर्चातले पहिले ३८५ युरो स्वतःच भरावे लागतात. बरेच जण सुट्टीपर्यंत दुखणं अंगावर काढतात आणि पोलंडला जाऊन दाखवतात.

मनाचं दुखणं आणखी वेगळं. खोलीत अनोळखी जोडीदार, त्याची पाळी रात्रीची, तुमची पहाटेची. झोप कुणाचीच पुरी नाही. मुलं आजीकडे. पोलंडमध्ये अशा मुलांसाठी ‘युरो-अनाथ’ असा शब्दच पडला, आणि तो ऐकणाऱ्या आईबापांना काय वाटत असेल, याचा विचार तो वापरणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही. संध्याकाळी सोबतीला बाटली येते ती या पोकळीत.

२०२० मध्ये, करोनाच्या काळात, एमिल रोमर यांच्या समितीने नोकरी, विमा आणि खोली यांची ही गाठ सरकारपुढे स्पष्ट मांडली. १ जुलै २०२३ पासून भाडेकरार नोकरीच्या करारापासून वेगळा असणं कायद्याने बंधनकारक झालं, आणि आजारपणावरून एजन्सीचा करार संपवण्याची तरतूदही गेली. पण ठरलेले तासच नसतील, तर दुखणं सांगणाऱ्याला पुढच्या आठवड्यात कमी बोलावता येतं. त्यासाठी एजन्सीला कारण द्यावं लागत नाही.

काम आणि खोली गमावून जे रस्त्यावर येतात, त्यांच्याकडे ‘बार्का’ या मूळच्या पोलिश संस्थेचे लोक जोडीने जातात. त्यांतला एक समाजसेवक असतो. दुसरा स्वतः कधीकाळी बेघर राहिलेला असतो, आणि पोलिशमध्ये बोलतो.