खिम्यातला न दिसणारा जंतू

खिमा घरात आला की आपण रंग पाहतो, वास घेतो, चरबी किती ते बघतो. पण १९९३ साली अमेरिकेत ज्या जंतूने सातशेहून अधिक लोकांना आजारी पाडले आणि चार मुलांचा जीव घेतला, तो नजरेला किंवा नाकाला कळणारा नव्हता. ‘जॅक इन द बॉक्स’च्या अर्धवट शिजलेल्या बर्गरमधून पसरलेला हा ई. कोलाय ओ१५७:एच७. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने हा जंतू असलेला गोमांसाचा कच्चा खिमा भेसळयुक्त ठरवला.

अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुधा वरच्या बाजूला असतात, आचेने मरतात. खिमा करताना मात्र ते आतपर्यंत मिसळतात, आणि एका घाण्यात अनेक जनावरांचे मांस असते.

प्रयोगशाळेत खिमा आधी पोषक द्रवात घालून उबेत ठेवतात, म्हणजे थोडेसे जंतूही वाढून हाती लागतात. पुढे तीन वाटा आहेत. पहिली जुनी, जंतू वाढवण्याची. सॉर्बिटॉल ही साखर घातलेल्या थाळीवर बहुतेक ई. कोलाय गुलाबी दिसतात, ओ१५७ बिनरंगी. खात्री चांगली, पण काही दिवस जातात. दुसरीत प्रतिपिंडे जंतूला चिकटतात. निकाल लवकर येतो, पण कधी जवळच्या निरुपद्रवी जंतूलाही ती धरतात. तिसरी पीसीआर. ती विषाची जनुके शोधते. काही तासांत उत्तर मिळते, पण मेलेल्या जंतूचे जनुकही तिला सापडू शकते. म्हणून झटपट चाचणीत संशय आला, तर जिवंत जंतू वाढवूनच शिक्कामोर्तब करतात.

तरीही तपासला जातो तो नमुना, प्रत्येक घास नव्हे. कुरआनात हलालबरोबर तय्यब हा शब्दही येतो. जिबह नीट झाले एवढ्यावर आपली जबाबदारी संपत नाही, असे आम्हाला वाटते. खिमा म्हशीचा असो वा बकऱ्याचा, कबाब आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला पोचले पाहिजेत. नुसत्या तपकिरी रंगावर भरवसा नको. कच्चा खिमा लागलेले हात, सुरी आणि पाट साबणाने धुवा, कोशिंबीर वेगळ्या पाटावर चिरा. मीठ पाहण्यासाठी कच्चा खिमा जिभेवर ठेवायची सवय असेल, तर ती आजच सोडा. हा जंतू लहान मुलांची किडनी निकामी करू शकतो, आणि कबाबाचा पहिला घास आपण त्यांनाच देतो.