तीन डॉलर गेले कुठे?

अमेरिकेत डॉमिनोजच्या जाहिरातींखाली बारीक अक्षरांत एक खुलासा असतो: डिलिव्हरीसाठी घेतलेली रक्कम ही ड्रायव्हरला दिलेली टिप नव्हे. पैसे घेणारी कंपनीच, आणि हे पैसे पिझ्झा आणून देणाऱ्याला टिप म्हणून मिळत नाहीत हे सांगणारीही कंपनीच. इतकं प्रांजळ वाक्य कोणी हौसेने छापत नाही. पोचवण्याचे पैसे वेगळे लावलेत म्हणजे पोचवणाऱ्याची सोय झाली असं गिऱ्हाइकाला वाटतं आणि टिप राहून जाते, म्हणून ते छापावं लागतं.

बरं, तिथे गाडी बहुतेकदा ड्रायव्हरची स्वतःची असते. कामासाठी गाडी वापरण्याचा खर्च अमेरिकेच्या आयकर खात्याने २०२५ साठी मैलाला ७० सेंट धरला होता. पाच मैलांवरच्या घरी जाऊन परत यायचं, तर या हिशेबाने सात डॉलर गाडीनेच खाल्ले. दुकानं पेट्रोलपाण्याचं काहीतरी देतात. ते पुरतं का, यावर तिथे वर्षानुवर्षं खटले चालत आले आहेत.

मग माणूस जगतो कशावर? टिपेवर. आणि इथून पुढचा हिशेब मला थक्क करतो.

टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याला ते चालतं. हा आकडा १९९१ पासून जागचा हललेला नाही. किमान वेतन मात्र आहे ७.२५ डॉलर. मधले ५.१२ डॉलर टिपेतून निघतील असं कायदा धरून चालतो, आणि नाहीच निघाले तर भर मालकाने घालायची. (कॅलिफोर्नियासह सात राज्यांनी ही सवलत मालकांना दिलेली नाही, तिथे टिप वेगळी आणि पगार वेगळा.) याचा अर्थ नीट पाहा. ही सवलत वापरणाऱ्या मालकाच्या दुकानात, त्या तासाला तुम्ही टेकवलेले पहिले पाच डॉलर कामगाराची मिळकत वाढवत नाहीत. ते मालकाचा पगारखर्च कमी करतात. हात तुमचा, खिसा कामगाराचा, आणि बचत तिसऱ्याचीच!

ॲप आल्यावर हे गणित तासावरून एकेका ऑर्डरवर उतरलं. २०१९ साली न्यूयॉर्क टाइम्सचा वार्ताहर अँडी न्यूमन स्वतः सायकलवर बसून घरोघरी जेवण पोचवायला निघाला. डोअरडॅश या कंपनीकडून मिळालेल्या त्याच्या पहिल्या ऑर्डरवर ६.८५ डॉलरची हमी होती. दार उघडणाऱ्या बाईंनी ॲपवरून तीन डॉलर टिप दिली. न्यूमनच्या खात्यात आले ६.८५. बाईंनी छदामही दिला नसता तरी ६.८५च आले असते, कारण मग सगळी रक्कम कंपनीने भरली असती. टिप आली म्हणून कंपनीने आपल्याकडून फक्त ३.८५ घातले. तीन डॉलर चोरीला गेले नव्हते. ते न्यूमनला मिळाले होते, आणि तरीही त्याला काहीच जास्त मिळालं नव्हतं. हिशेबाच्या वहीत अशी जादू मी क्वचितच पाहिली आहे.

बातमी छापून आल्यावर ओरड झाली आणि काही दिवसांतच कंपनीने पद्धत बदलण्याचं जाहीर केलं. कोर्टकचेऱ्या मात्र पुढे बरीच वर्षं चालल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत एकट्या न्यूयॉर्क राज्याशी डोअरडॅशने तडजोड केली ती १ कोटी ६७ लाख ५० हजार डॉलरची.

आता टिप वरकड मिळते. पण तिचा स्वभाव बदलला आहे. ऑर्डर घ्यायची की नाही हे ठरवताना ड्रायव्हरच्या फोनवर एक रक्कम दिसते आणि तिच्यात तुमची टिप मिसळलेली असते. दोन-तीन डॉलरची ऑर्डर दिसली की तो ती सोडून देतो, मग ती दुसऱ्याकडे जाते, मग तिसऱ्याकडे, आणि तोवर तुमचं जेवण हॉटेलच्या काउंटरवर निवत बसतं. २०२३ च्या अखेरीस डोअरडॅशने टिप न देणाऱ्यांना पडद्यावर इशाराच देऊन पाहिला, की ऑर्डर यायला वेळ लागू शकेल. जेवणाआधी दिलेली ही टिप म्हणजे खरं तर लिलावातली बोली आहे. आणि बोली आली की लबाडीही आलीच. उबर ईट्सवर टिप तासाभरात कमी करता येते, तेव्हा मोठा आकडा दाखवून जेवण झटपट मागवायचं आणि दार लावलं की तो शून्यावर आणायचा, असे महाभागही आहेत.

न्यूयॉर्क शहराने २०२३ च्या डिसेंबरात ॲपवाल्यांना तासाला १७.९६ डॉलर किमान मेहनताना द्यायला लावला. २०२५ च्या एप्रिलपर्यंत तो २१.४४ वर गेला. उबर आणि डोअरडॅशने काय केलं? टिपेचं बटण ऑर्डर देण्याच्या पडद्यावरून उचलून जेवण पोचल्यानंतरच्या पडद्यावर नेऊन ठेवलं. माणसं तीच, पाऊस तोच, चार मजले तेच, आणि टिपा धाडकन कोसळल्या. पोट भरल्यावर फोन उघडतो कोण? शेवटी २०२५ मध्ये तिथल्या नगर परिषदेला बटण आधीच्या जागी आणण्यासाठी कायदा मंजूर करावा लागला. दानत माणसाच्या मनात असते असं आपण समजतो. निदान थोडी तरी ती पडद्यावरच्या जागेत असते म्हणायची.

आपल्याकडेही डिलिव्हरी फी आहे, झोमॅटोने २०२३ मध्ये दोन रुपयांनी सुरू करून वाढवत नेलेली प्लॅटफॉर्म फी आहे, आणि वर जीएसटी. यातलं काही टिप नव्हे. झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी २०२६ च्या सुरुवातीला आकडे मांडले. २०२५ मध्ये डिलिव्हरी पार्टनरची सरासरी कमाई तासाला १०२ रुपये (त्यातून पेट्रोल आणि गाडीची देखभाल वजा व्हायची), आणि टिप तासाला २ रुपये ६० पैसे. शंभरातल्या जेमतेम पाच ऑर्डरींवर टिप पडते आणि ती पूर्ण पार्टनरला जाते, असं त्यांनी सांगितलं.

हे वाचून आपल्या कंजूसपणाची लाज वाटते खरी, पण मला त्यात एक उलटी गंमतही दिसते. तासाला अडीच रुपये ही रक्कम इतकी किरकोळ आहे, की ती गृहीत धरून कोणी मेहनताना ठरवू शकत नाही. उद्या आपण सगळे ॲपवरून वीस-वीस टक्के देऊ लागलो, तर ती रक्कम दर ठरवणाऱ्याच्या पडद्यावर रोज दिसेल, आणि दिसलेली गोष्ट हिशेबात धरली जाते, हे अमेरिकेने दाखवलं आहेच. दिवाळीची पोस्त दिल्याने पोस्टमनचा पगार घटेल अशी धास्ती कोणाला वाटली नाही, कारण पगार ठरवणाऱ्या खात्याला ती पोस्त दिसतच नव्हती.

म्हणून न्यू जर्सीतल्या भाच्याला मी सांगेन, की टिप ऑर्डर देतानाच दे, कारण तिथे ती पोचवण्याच्या किमतीचाच भाग झाली आहे, आणि फीकडे बोट दाखवून हात आखडू नकोस. पुण्यात, नागपुरात मात्र नोट हातात द्यावी. सुट्टे नसतील तर त्याला त्याचा स्वतःचा क्यूआर दाखवायला सांगावं. बहुतेकांच्या फोनमध्ये तो असतो.