हातातील डिजिटल रेडिओ : प्रश्न मानकांचा

हौशी रेडिओच्या हातसंचांत तीन डिजिटल मानके प्रमुख आहेत. जपानी हौशी रेडिओ संघटनेचे 'डी-स्टार' अवघ्या ६.२५ किलोहर्ट्झमध्ये आवाजासोबत माहितीही पाठविते. युरोपीय दूरसंचार मानक संस्थेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेले 'डीएमआर' १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच वाहिनीत, वेळेची विभागणी करून, दोन संभाषणे सामावते. यासू कंपनीच्या 'सिस्टिम फ्यूजन'चे संच येणारा संदेश अ‍ॅनालॉग की डिजिटल, हे स्वतः ओळखतात. मात्र एका मानकाचा संच दुसऱ्याशी थेट बोलू शकत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमान-निकोबारमध्ये हौशी रेडिओचे मोल दिसून आले. अशा आपत्तीत बहुतेक संचांतील अ‍ॅनालॉग एफएम सोयच समान दुवा ठरते. म्हणून संच निवडताना वैशिष्ट्यांआधी परिसरातील रिपीटरचे मानक पाहणे श्रेयस्कर होय.